झाकून ठेवलेलं

९ मार्च, मंगळवार

चिकट्या,

आज सकाळी साडेसहाला मी तुला भिंतीवर चिकटवलं.

थट्टा नाही करत. पुलावरून खाली उतरलं की बसथांब्यासमोर जी लांब भिंत लागते, आईची दुसरी बस जिथून सुटते, तिथे. बारा तुकड्यांच्या जाहिरातीची गुंडाळी आली होती, पाठीवर आकडे घातलेली. दाजीने आणि मी फळी चढवली. दाजी आठवतो ना? फळीच्या दुसऱ्या टोकाला गेली एकोणीस वर्षं तोच असतो. जगात कोणाचा दाजी नाही, पण मुकादमापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला दाजीच म्हणतात.

आमच्या कामात चित्र बघत नाहीत, आकडे बघतात. तू लहानपणी विचारायचास, "बाबा, आज काय लावलं?" आणि मी म्हणायचो, "कोण जाणे, निळं होतं काहीतरी." तुला वाटायचं, मला सांगायचा कंटाळा. पण फळीवरून खरंच दिसत नाही. नाकासमोर हातभर कागद असतो. एवढ्या जवळून माणसाचा गाल म्हणजे नुसते गुलाबी ठिपके.

पाणी सांध्यांत शिरू नये म्हणून आम्ही खालची ओळ आधी लावतो आणि वर वर जातो. त्यामुळे अक्षरं आधी आली. एकेक अक्षर माझ्या छातीएवढं. वाचता कुठे येतंय. मग हनुवटी, दोन दिवसांची दाढी. मग ओठ. मग मी दहावा तुकडा उलगडला, खळ फासली, कागद भिंतीला टेकवला आणि वरून खाली कुंचला ओढताना भुवईतली चीर दिसली.

ती चीर मला माहीत आहे. तू सहा वर्षांचा होतास. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून बादलीसकट पडलास. तीन टाके पडले. रडता रडता मध्येच थांबून तू विचारलंस, "खळ सांडली म्हणून बाबा रागावतील?"

"काय रे," दाजी पलीकडून ओरडला, "समाधी लागली का? खळ वाळतेय."

मी अकरावा लावला, बारावा लावला. कसे लावले ते आठवत नाही. खाली उतरून रस्ता ओलांडला आणि मागे वळून बघितलं. एवढा मोठा तू. पिवळा सदरा घातलेला. आणि सव्वीस वर्षांत माझ्या हातून झालं नव्हतं ते झालं होतं. दहावा आणि अकरावा जुळले नव्हते. दोन बोटांचा फरक. तुझा एक डोळा दुसऱ्याच्या खाली घसरला होता.

दाजीने मोठ्याने वाचलं. त्याला सवयच आहे, काम झालं की रस्त्यापलीकडून वाचायचं.

"आई, माझ्या वाटचं अजून झाकून ठेवतेस का?"

खाली लहान अक्षरांत, समलिंगी, तृतीयपंथी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांनाच घर असतं, त्यांना जसे आहेत तसे घरी येऊ द्या, असं काहीसं. कोपऱ्यात एका बुटाच्या कंपनीचं नाव. मुकादमाने मग सांगितलं, की ही मोहीम सात देशांत एकाच दिवशी लागली आहे. ज्याने त्याने आपल्या हाताने आपल्या घराला एक प्रश्न लिहायचा. ज्याचं चित्र, ते तो जिथून निघून गेला त्या गावात लावायचं.

"पोरं आता बूट विकायला उभी केली का यांनी?" दाजी म्हणाला. मग बराच वेळ बघत राहिला. "कोण रे हा? नाक तुझ्यासारखं आहे."

"असतात नाकं," मी म्हटलं. "ओळखीचा नाही."

हे तुला कळवायची गरज नव्हती. तरी लिहिलं. प्रश्न तू आईला विचारला आहेस आणि त्याचं उत्तर आता मला द्यावं लागणार आहे. आज धीर होत नाही.

बाबा


११ मार्च

चिकट्या,

आई नाही. मागच्या ऑगस्टमध्ये गेली. तेवीस तारखेला.

काल हे एकच वाक्य लिहायला बसलो आणि उठलो. आज लिहून झालं.

दवाखान्यातल्या चादरींच्या खोलीत ती रफू करत बसली होती. दुपारी तिच्या सोबतिणीला म्हणाली, जरा टेकते, आणि धुतलेल्या चादरींच्या ढिगावर टेकली. तीन दिवस वॉर्डात होती. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. कोणाला बोल लावावा असं काही नाही. शेवटी फार त्रास झाला नाही, असं नर्स म्हणाली. मीही तेच धरून आहे.

तुला कळवायला माझ्याकडे पत्ता नव्हता. तुझी पत्रं तिच्या कामाच्या ठिकाणी यायची, घरी नाही, हे तुला माहीतच आहे. घरातला फोन माझ्या खिशात, म्हणून तुम्ही दोघांनी तो मार्ग काढला होता. आणि मी तुला घरातून जा असं कधी म्हटलं नव्हतं, हेही तुला माहीत आहे. तू गेलास.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, ठेवायची. सहा वर्षं, एक दिवस चुकली नाही. आमचं दोघांचं वाढून झालं की एका वाटीत तुझ्या वाटचं काढायची, वर ताटली पालथी घालायची आणि ओट्याच्या कोपऱ्यात सारायची. सकाळी मी बाहेर पडायच्या आधी तेच उभ्या उभ्या खायची. गरम करायची नाही. पहिल्या वर्षी मी एकदा म्हटलं, "कोणासाठी हे? मांजरासाठी?"

ती म्हणाली, "मांजर तरी येतं."

त्यानंतर मी विचारलं नाही.

बाबा


१४ मार्च, रविवार

चिकट्या,

आज सुटी होती. प्रत्येक चित्राबरोबर एक जादा संच येतो, फाटलं-बिटलं तर असावा म्हणून. त्यातला दहावा तुकडा काखेत मारला, घरी खळ शिजवली आणि एकटाच शिडी घेऊन गेलो.

पाच दिवसांत तुझी बरीच चर्चा झाली आहे. बसमध्ये ऐकतो. एकजण म्हणत होता, परदेशातली थेरं आपल्या माथी कशाला? त्याच्या शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "अहो, तो जेवणाचं विचारतोय. त्यात कसली थेरं?" मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आईला असं चारचौघांत लाजवू नये. कोणाला माहीत, की जिला विचारलं आहे ती थांब्यावर येतच नाही.

कोणीतरी तुझ्या गालावर चिखलही फेकला आहे.

भिंतीखाली छत्र्या दुरुस्त करणारी एक बाई बसते. माझी शिडी लागलेली बघून म्हणाली, "आलात का त्याचा डोळा बसवायला? चार दिवस मला डोळा मारतोय मेला. या वयात!"

मी वर चढलो. वाळलेला कागद सरकत नाही. त्याच्यावर नवा, नीट जुळवून, चढवावा लागतो. एकट्याने शिडीवरून ते काम अवघड आहे. एक हात खालच्या टोकाला, एक वरच्या, आणि कुंचला दातांत. अर्धा तास गेला. खाली आलो तर ती अजून माझ्याकडेच बघत होती.

"सुटीच्या दिवशी फुकटची खळ कोण लावतं हो? कोण लागतो तुमचा?"

मी बादली धुवायचं निमित्त केलं. ती छत्रीच्या काडीला तार गुंडाळत वाट बघत राहिली. अशा माणसांना घाई नसते.

"मुलगा," मी म्हटलं.

सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि तेही छत्रीवालीला. काही झालं नाही रे. बस आली, बस गेली.

"मग गालावरचा चिखल तरी पुसा," ती म्हणाली.

पुसला. परत चढलो, ओला बोळा घेऊन, आणि पुसला. तू दोन-अडीच वर्षांचा असताना तोंड पुसू द्यायचा नाहीस, मान फिरवायचास. भिंतीवरचा माणूस मान फिरवत नाही.

बाबा


२० मार्च

चिकट्या,

काल तुला झाकलं.

गुरुवारी मुकादमाने ऑफिसात बोलावलं. हा माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे माझ्यासमोर त्याला खुर्चीत बसवत नाही. उभ्यानेच म्हणाला, "काका, तक्रारी आल्यात. भिंतीचा मालक घाबरलाय. पुलाजवळच्या चित्रावर पांढरा कागद चढवायचाय. तुम्ही नका जाऊ. दुसरी जोडी पाठवतो."

"मी का नको?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. तेव्हा मला कळलं, की याला माहीत आहे. मी गोदामात दाजीला गाठलं.

"तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? त्याला काय डोळे नाहीत?" दाजी म्हणाला. मग हातातला दोर खाली ठेवून माझ्यावर उखडला. "अरे मूर्खा, चिकट्याला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय. माझ्या विड्या लपवून ठेवायचा तो. भुवई लागली तेव्हाच मी ओळखलं. खाली आल्यावर तुला विचारलं, कोण रे हा. तू म्हणालास, ओळखीचा नाही. मग मीही नाही ओळखलं."

मला त्याच्याकडे बघवेना. तो पुढे म्हणाला, "नको जाऊस. दुसरे करतील."

पण दुसरी जोडी कशी काम करते ते मी पाहिलं आहे. सैल कोपऱ्यांना पातं घालून ओरबाडतात आणि मग वरून कागद मारतात. म्हणून मी गेलो. दाजी फळीचं दुसरं टोक धरायला आला. फळीवर एकट्याला उभं राहता येत नाही.

पांढरा कागदही खालूनच वर लावायचा असतो. आधी तुझा प्रश्न गेला. मग हनुवटी. मग ओठ. डोळे शेवटी. दाजीने त्याच्या बाजूचा डोळा पटकन झाकला, मला माझ्या बाजूचा जमेना. मी देवाचं नाव घेऊ म्हटलं तर तेही तोंडात आलं नाही. आईवर चादर ओढली होती ती तिच्याच खोलीतली होती. पायाकडच्या कोपऱ्याला रफू होतं, बारीक, उभ्या-आडव्या धाग्याचं. तिच्या हातचं. फळीवर मला ते रफू दिसत होतं.

छत्रीवाली खालून म्हणाली, "अहो, परवाच तर डोळा नीट केलात."

एवढंच सांगतो, की तुला कोणी ओरबाडलेलं नाही. आमच्याकडे भिंतीवरचं कोणी काढत नाही, त्याच्यावर दुसरं चढतं. तू तिथेच आहेस, पांढऱ्याखाली.

बाबा


१८ एप्रिल

चिकट्या,

महिनाभर लिहिलं नाही. आधीची चार पत्रंही टाकलेली नाहीत. खणात आहेत, आईच्या सुयांच्या डबीखाली.

परवा मोहिमेतल्या एक बाई घरी आल्या. गळ्यात कॅमेरा, पायात तुमच्या त्या कंपनीचे बूट. पस्तिशीच्या असतील. मी पाणी दिलं. म्हणाल्या, आता दुसरा टप्पा. मुलांनी विचारलं, आता घरच्यांनी उत्तर द्यायचं. ज्यांची तयारी असेल त्यांचं चित्र, मूल जिथे राहतं त्या शहरात लागणार. तुमच्या भिंतीवर जे झालं ते आम्हाला कळलंय, पण उत्तर तिकडे लागेल, तिकडे कोणी झाकणार नाही.

"आम्हाला त्याच्या आईंना भेटायचं होतं," त्या म्हणाल्या. "तो दर आठवड्याला विचारतो, काही उत्तर आलं का."

मी त्यांना सांगितलं.

त्यांनी पेला खाली ठेवला. "त्याला माहीत नाही?"

"नाही."

"आठ महिने?"

मी मान हलवली. आता ओरडतील असं वाटलं; ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "काका, हे मी त्याला सांगणार नाही. ते माझं काम नाही, तुमचं आहे. पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. लवकर करा." कार्ड ठेवून गेल्या. फोटोला मी नाही म्हटलं. बुटाच्या कंपनीसाठी मी माझं घर मांडणार नाही, असं काहीतरी ऐटीत म्हटलं. "कंपनीचं नाव मलाही खटकतं," त्या म्हणाल्या, "पण भिंतींचं भाडं तेच भरतात." त्या गेल्यावर मला माझीच लाज वाटली. अडचण कंपनीची नव्हती.

आता आधीच्या पत्रांत जे खोटं लिहिलं ते सांगतो. ती पत्रं फाडून नवं लिहिता आलं असतं. फाडणार नाही. मी कसा आहे ते तुला दिसू दे.

पत्ता माझ्याकडे होता. आईला वॉर्डात ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची पिशवी माझ्याकडे दिली, त्यात तुझं नुकतंच आलेलं पत्र होतं. पाकिटाच्या मागे तुझ्या हाताने लिहिलेला पत्ता, अगदी पिनकोडसकट. फोन नंबरही होता. मी पाकीट वाचलं आणि परत पिशवीत घातलं.

त्याच दुपारी ती शुद्धीवर होती. म्हणाली, "अहो, चिकट्याला कळवा."

मी म्हटलं, "कळवलंय."

"काय म्हणाला?"

"निघालाय," मी म्हटलं.

चिकट्या, त्यानंतर ती दाराकडे तोंड करून पडून राहिली. नर्सने कूस बदलून दिली तरी पुन्हा तिकडेच वळायची. कोणाचीही पावलं वाजली की डोळे उघडायची. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. दीड दिवस. बाहेर जाऊन तुला एक फोन करायला मला दीड दिवस मिळाला होता.

का केला नाही? बाकी सगळ्यांना जे सांगितलं ते तुला सांगणार नाही. तू आला असतास. माणसं जमली असती, कोणीतरी विचारलं असतं, काय, लग्न कधी? आणि तू खरं सांगितलं असतंस. तू कधी खोटं बोलायचा नाहीस; ते आईकडून आलं. मला त्या खऱ्याची भीती वाटली. माझी बायको मरत होती आणि मी चार माणसं काय म्हणतील ते मोजत होतो.

आणि मी तुला जा म्हटलं नव्हतं, हेही अर्धंच आहे. त्या दिवशी जेवताना तू म्हणालास, "बाबा, मला मुलगे आवडतात, मुलीशी लग्न नाही होणार माझ्याच्याने." मी हात धुतला. दाराशी गेलो. तुझे बूट उचलले, बाहेरच्या पायरीवर ठेवले, टाचा घराकडे करून. आणि आत येऊन देवापुढे बसलो. तोंडातून शब्द काढला नाही. सहा वर्षं मी त्यावरच जगलो, की मी शब्द काढला नाही.

देवापुढे रोज बसतो. आधी मागायचो, "देवा, त्याला बदल." आई माझ्या मागे बसायची. ती तुझं नाव मोठ्याने घ्यायची, माझ्या तोंडात ते यायचं नाही म्हणून. आता मागे कोणी बसत नाही, त्यामुळे तुझं नाव घेतलंच जात नाही. हे परवा, त्या बाई गेल्यावर, ध्यानात आलं. मग मी घेतलं. पुढे काय मागायचं ते सुचलं नाही. नुसतं नाव घेऊन उठलो.

आई गेल्यावर तुझी दोन पत्रं आली. तिच्या सोबतिणीने आणून दिली. डिसेंबरच्या पत्रात तू लिहिलंस, "आई, तूही बाबांसारखी झालीस का?"

नाही रे. ती नाही झाली. तिची पत्रं थांबली कारण ती थांबली. म्हणून तू भिंतीवर आलास, तिची बस जिथून सुटते तिथे. आणि मी सकाळी साडेसहाला तुला चिकटवलं, आणि ओळखीचा नाही म्हटलं.

बाबा


४ मे

चिकट्या,

मोठं पाकीट काल रजिस्टर केलं. हे वेगळं, त्याच्या मागोमाग येईल. हे आधी मिळालं तर वाचू नकोस, बाजूला ठेव. त्या पाकिटात पाच पत्रं आहेत, तारखांच्या क्रमाने वाच. वाचताना एकटा राहू नकोस.

दाजी सोबत आला होता. पोस्टातला डिंक वाळलेला. दाजीने खिशातून डबी काढली. "हे घे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं चिकटवलंस, एकदा स्वतःचं चिकटव." डबीत घरची खळ होती. खिडकीतल्या माणसाला ते आवडलं नाही. पाकीट त्याने दोन बोटांत धरून तोललं. पोचपावती मागितली आहे. तुझी सही परत आली की मला कळेल, की तुला कळलं.

त्याच्या आदल्या दिवशी मी त्या बाईंना फोन करून बोलावलं होतं. फोटो काढा म्हटलं. अट एकच, की माझ्या हातात पोचपावती येईपर्यंत चित्र लावायचं नाही. आईची बातमी तुला भिंतीवरून कळता कामा नये. त्यांनी कबूल केलं. माझ्यासमोर कागदावर लिहून सही केली.

फोटो स्वयंपाकघरात काढला, ओट्याजवळ. त्या म्हणाल्या, हसू नका, रडू नका, नेहमीसारखे उभे राहा. नेहमीसारखं म्हणजे कसं ते मला कळेना. शेवटी हातात कुंचला दिला, तेव्हा जमलं.

उत्तर आपल्याच हाताने लिहायचं होतं. मी एका जुन्या चित्राचा कोरा मागचा भाग घेतला. तुला मुळाक्षरं अशाच कागदांच्या पाठीवर शिकवली होती. पहिल्यांदा लिहिलं, तुझ्या वाटचं झाकून ठेवलंय. हे खरं आहे. अठरा एप्रिलपासून ठेवतो. मला आईसारखं करता येत नाही, एक दिवस खारट होतं, एक दिवस करपतं. सकाळी तेच खातो, उभ्याने. शिळं शिळंच लागतं. सहा वर्षं ती कशी खायची, कोण जाणे.

बाई म्हणाल्या, छान आहे. दिवा लावायला लागल्या. मी म्हटलं, थांबा. हा कागद फाडतो.

तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत, आईला आलेली. क्षमा माग म्हणालास तर मागेन, पण वाचली. तुझ्याबरोबर राहणारा तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्याला थंडीत खोकला होतो, तो तुझ्या शाळेतल्या वह्या तपासताना शेजारी बसून चुकीची गणितं मोजतो, हे सगळं तिला माहीत होतं. तुझ्या फळीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे, हे तिला दोन वर्षं माहीत होतं. एकदा तिने वाटी मोठी घेतली होती. मी बघितलं. मला वाटलं, तिचा अंदाज चुकतोय.

तिचा अंदाज चुकत नव्हता.

तू येशील का, ते मी विचारत नाही. ये म्हणायचा हक्क मी त्या पायरीवर बुटांशेजारीच ठेवून आलो. तू सही करून पाकीट बंद ठेवलंस, तरी मी काही म्हणणार नाही. तू रागावलास तर तोही राग मला लिही. आईला ज्या पत्त्यावर लिहायचास तिथे नको. घरी लिही, माझ्या नावाने.

पण चित्र लागेल तेव्हा एकदा जा. तिकडचे लोक कसं लावतात मला माहीत नाही; माझ्या डोळ्यांचा सांधा जुळला आहे का ते बघ. जवळ जाऊ नकोस, जवळून काही दिसत नाही. रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहा, मग मागे वळ. त्यालाही बरोबर ने.

कारण कागद फाडून मी दुसरा घेतला, कुंचला नीट निथळवला आणि त्याच्यावर लिहिलं:

तुमच्या दोघांच्या वाटचं झाकून ठेवलंय.

बाबा